बंद चंबूतला कोळसा

३ मार्च ७८
फिजिक्सच्या हेड सरनं आज वस्तुमान-ऊर्जा संपवलं. म्हणे, हे सारं अणुबॉम्बचं, चुलीतल्या कोळशाले लागू नाही. मी उठून म्हटलं, लागू होते सर. उष्णता बाहेर गेली की तेवढं वस्तुमान गेलंच, फक्त मोजता येत नाही इतकं थोडं. तर म्हणे, "वडील कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा ओढतात म्हणून तू कोळशातली तज्ज्ञ का?" वर्ग हसला. सुधा पण. माझ्याच बाकावर बसून हसली मेली.

४ मार्च
सरची जुनी खोड. वाद घातला की प्रयोग करून दाखवा, सगळ्यांपुढे. चंबूत ऑक्सिजन, कोळशाचा खडा, तोंड मेणानं बंद. भर दुपारी गच्चीवर भिंग धरून उभं केलं मले. हात हलला की म्हणे, "निसटलं वाटतं वस्तुमान." खडा जळून गेला. थंड झाल्यावर चंबू परत तराजूत ठेवला. काटा होता तिथंच.
असणारच. त्या तराजूले एवढा बारीक फरक जन्मात दिसणार नाही, अन् सरले हे चांगलं माहीत आहे. याचाच राग येते. सुधाले काटा वाचायले लावलं. मोठ्यानं म्हणे, "फरक नाही." सर म्हणे, माफी माग. नाही मागितली.
मान भाजली. खोबरेल लावलं.

६ मार्च
बाबाले कॉलेजात बोलावलं. पाळी सोडून बसनं आले, कानात राख तशीच. सर म्हणे, "मुलीचं डोकं जास्त चालतं. वेळेत लग्न करा." बाबा हो हो करत होते. हात जोडून.
घरी येताना म्हणे, "काहून वं, पास नाही व्हायचं तुले?" काटोलचं एक स्थळ आहे, संत्र्याचे व्यापारी. फर्स्ट क्लास आला तर एम.एस्सी., नाही तर काटोल. बाबा हे सरले पण सांगून आले!

२१ मार्च
सुधा आली. म्हणे, "तोंडीले सर परीक्षकाच्या बाजूलेच बसतात. कोळशाचं विचारलं तर फरक पडत नाही म्हण ना वं. काय जाते तुझं?"
म्हटलं, तुझं काय गेलं ते विचार. काटा वाचणारी बाई. रडली. रडू दिलं. बरं वाटलं मले.

२९ मार्च
तोंडी झाली. परीक्षक बाहेरगावचे, दमलेले. सरच म्हणे, "हिला कोळशाचं विचारा." विचारलं. बाबाचे जोडलेले हात डोळ्यापुढे आले. तरी म्हटलं, वस्तुमान कमी होते. किती, ते पण सांगितलं.
परीक्षक म्हणे, "बरोबर आहे की हो."
सरनं चहा त्यायच्यापुढे सरकवला. "बरोबरच आहे. पण लग्न ठरलंय हिचं, काटोलला. तिला मार्क घेऊन काय करायचंय? गरजू मुलं आहेत मागे."
ठरलं कुठं अजून? मी बोलणार तोवर दोघं हसले. मग परीक्षकानं आकडा लिहिला, हात आडवा धरून.
घरी बाबानं विचारलं, "आलं का वं उत्तर?" म्हटलं, आलं. खूश झाले.
निकाल जूनमध्ये. काटोलचे पाहुणे येत्या रविवारीच मले पाहायले येऊन राहिले.