समकक्ष अधिकाऱ्याने उत्तर द्यावे

४ सप्टेंबर, सकाळी ६.१०
प्रभारी कुलगुरू होऊन आज सात महिने अकरा दिवस. दारावरच्या पाटीतला ‘प्रभारी’ हा शब्द रंगाऱ्याकडून तिसऱ्यांदा बारीक करून घेतला. आता तो वाचायला दाराला नाक लावावं लागतं. काल कुलसचिवांनी लावलं. मुद्दाम, माझ्या देखत.

कायम कुलगुरूच्या जागेची जाहिरात आली. सगळ्या अटी माझं माप घेऊन शिवल्यासारख्या. फक्त शेवटची खुपते: आंतरराष्ट्रीय शैक्षणिक सहकार्याचा ठोस अनुभव. ही कुलसचिवांनीच घुसडली असणार. अनुभव नाही, पण निवड डिसेंबरात आहे. २१ नोव्हेंबरला दीक्षान्त समारंभ, कुलपती स्वतः येणार. त्याच मंचावर परदेशी विद्यापीठाशी करार करायचा. सही माझी, फोटो माझा, खुर्ची माझी.

संकल्प: एक, रोज पहाटे इंग्रजी भाषणाचा सराव. दोन, कुणावर ओरडायचं नाही. तीन, कुलसचिवांशी फक्त लेखी बोलायचं.

९.४०. शिपायावर ओरडलो. ओली पाटी फडक्याने पुसत होता. हा अपवाद धरायचा.

७ सप्टेंबर
चाळीस परदेशी विद्यापीठांच्या कुलगुरूंना पत्रं रवाना. जाड कागद, उठावाची मुद्रा, सोबत माझं पुस्तक ‘प्रशासनातील पदश्रेणी आणि शिष्टाचार’, तिसरी आवृत्ती. कुलसचिव म्हणाले, ई-मेल केला असता तर आजच पोचला असता. मी लेखी कळवलं की ई-मेल कुणीही करतो. त्यांनी त्याच कागदावर ‘पाहिले’ असं लिहून परत पाठवला. उर्मट.

१९ सप्टेंबर
उत्तर नाही. दीक्षान्ताच्या झग्यासाठी शिंपी आला. कुलगुरूच्या झग्याची जरीची किनार चार बोटं रुंद, असा नियम आहे. प्रभारींबद्दल नियम गप्प. मी पाच बोटं सांगितली. शिंप्याने विचारलं, समारंभापर्यंत तुम्हीच असाल ना, की माप सैल ठेवू? असल्या माणसांच्या हातात कात्री देतात.

वसतिगृह क्रमांक दोनच्या रेक्टरबाईंचं आणखी एक स्मरणपत्र. दुसऱ्या मजल्यावरचा गीझर बंद. हे चौदावं. बाई वनस्पतिशास्त्र शिकवतात, पण डोक्यात गीझरच. मी त्यांचं नावच गीझरबाई ठेवलंय. अख्खं विद्यापीठ जगाकडे बघतंय आणि ह्या नळाकडे. फायलीत टाकलं.

६ ऑक्टोबर, दुपारी
उत्तर आलं! चाळिसातलं एक. शिपाई पाकीट घेऊन पळत आला, त्याला पहिल्यांदाच बसा म्हणालो.

६ ऑक्टोबर, दहा मिनिटांनी
घोर अपमान. मी पत्र लिहिलं कुलगुरूंना. उत्तर कुणाचं? खाली सही आहे ‘रेक्टर’ म्हणून. रेक्टर! मुलांच्या खोल्यांतले पंखे मोजणारा, रात्री दहाला फाटक लावणारा इसम मला लिहितो की आपल्या दोन्ही विद्यापीठांत दीर्घ मैत्री व्हावी, विद्यार्थ्यांची देवाणघेवाण व्हावी, भेटीला यायला मला आनंद होईल. तुला होईल रे! त्यांच्या कुलगुरूने माझं पत्र उघडायचीही तसदी घेतली नाही, वसतिगृहाकडे ढकललं.

कुलसचिवांना बोलावलं (संकल्प तीन तात्पुरता स्थगित). ते खाकरून म्हणाले, सर, तिकडे रेक्टर म्हणजे... मी तिथेच तोडलं. रेक्टर म्हणजे काय हे मला शिकवू नका. मी सहा वर्षं वसतिगृहात काढली आहेत, आमच्या रेक्टरने माझी पाणी तापवायची कॉईल जप्त केली होती, ती अजून परत दिलेली नाही. कुलसचिव म्हणाले, बरं. त्यांचं ‘बरं’ मला कधीच बरं वाटत नाही.

माझ्याच पुस्तकात प्रकरण चार: पत्राला उत्तर नेहमी समकक्षाने द्यावं, वरच्याने दिलं तर वरचा खाली येतो. लाल शाईने शेरा मारला: ‘समकक्ष अधिकाऱ्याने उत्तर द्यावे.’ पत्र गीझरबाईंकडे. रेक्टरला रेक्टर. एका दगडात तिकडच्यालाही पायरी कळली आणि इकडच्या बाईलाही काम लागलं.

७ ऑक्टोबर
जेवताना घरी सांगितलं. मुलगी म्हणाली, बाबा, बऱ्याच देशांत रेक्टर म्हणजे विद्यापीठाचा... मी म्हटलं, ताटावर फोन नको. ती म्हणाली, फोन हातात नाहीये, मला माहीत आहे. हिने विचारलं, एकदा बघून घ्यायला काय जातं? पंचवीस वर्षं लोकप्रशासन शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात हे ऐकावं लागतं. भात अर्धा टाकून उठलो. नंतर हळूच येऊन संपवला.

१८ ऑक्टोबर
गीझरबाई फाईल घेऊन आल्या. तिकडून दहा मुलं, इकडून दहा मुलं, असं काहीतरी. पहिल्याच पानावर राहण्याची सोय, खोल्या, अंथरुणं. म्हटलं ना, वसतिगृहाचाच मामला! बाई म्हणाल्या, सर, पुढची पानं तुम्ही वाचावीत, हे माझ्या पातळीचं वाटत नाही. मी म्हटलं, अगदी तुमच्याच पातळीचं आहे. तरी त्या हलेनात. सही कोण करणार, विचारत राहिल्या. शेवटी अधिकारपत्रच दिलं: या पत्रव्यवहारातून उद्भवणाऱ्या सर्व बाबींत विद्यापीठाच्या वतीने सही करण्याचे पूर्ण अधिकार रेक्टर, वसतिगृह दोन यांना प्रदान. कुलसचिवांनी ते दोनदा वाचलं, तीन प्रती काढल्या आणि एक स्वतःच्या खिशात घातली. प्रती काढण्याची या माणसाला हौसच फार.

जाताना बाईंनी गीझरचं विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं.

२ नोव्हेंबर
एकोणचाळीस विद्यापीठं अजून गप्प. माणसांना रीतच राहिली नाही. पहाटेचं इंग्रजी भाषण बंद, घसा बसतो. मंचावरून ‘अनेक करार अंतिम टप्प्यात’ असं सांगायचं ठरवलंय. अंतिम टप्पा कुणी मोजत नाही.

११ नोव्हेंबर
गीझरबाईंकडून कळलं की तिकडचा रेक्टर समारंभाला येतोय. सोबत चार जण. चार जण! इथे मला गाडीत फाईल धरायला माणूस मिळत नाही. आधी चिडलो, मग विचार केला. चेहरे परदेशी आहेत. फोटोत हुद्दा दिसत नाही. येऊ देत. नवव्या रांगेत, खानावळीच्या कंत्राटदाराशेजारी बसवा म्हटलं. राहायला वसतिगृह दोन, दुसरा मजला. आपल्या माणसांत बरं वाटेल त्यांना.

कुलसचिवांनी लेखी विचारलं: अतिथिगृह रिकामं आहे, तिथे उतरवायचं का? मी लेखी कळवलं: अतिथिगृह कुलगुरूंसाठी असतं. त्यांनी लिहिलं, ‘पाहिले’.

२० नोव्हेंबर, संध्याकाळी
झगा आला. आरशासमोर तासभर. पाच बोटांची जरीची किनार उजेडात छान चमकते. ही म्हणाली, जेवायला तरी काढा. काढला नाही. डाळ सांडली, पण काळ्यावर दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी ३.१५
हे स्टाफरूममागच्या कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितोय. दार आतून लावलंय.

मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. पुढे मी, मागे अधिष्ठाते, त्यांच्यामागे बाकीचे. कुलपती गाडीतून उतरले. मी दोन्ही हात पुढे केले. ते माझ्या हातांच्या बाजूने सरळ पुढे गेले. मी वळून बघितलं तर बाजूच्या दाराशी एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस, अंगावर लालभडक मखमली झगा, गळ्यात हाताच्या पंजाएवढ्या पदकाची सोन्याची साखळी. जरीची किनार सात बोटं तरी असेल. कुलपतींनी त्याला मिठी मारली. म्हणे चार वर्षांपूर्वी कुठल्याशा परिषदेत कुलपती त्याच्या अध्यक्षतेखाली बसले होते. मग विचारलं, रेक्टरसाहेब इकडे का उभे? कुणीतरी सांगितलं, त्यांची जागा नववी रांग. कुलपतींनी विचारलं, कुणी दिली? कुलसचिवांनी फक्त माझ्याकडे बघितलं. हा माणूस आयुष्यात कधी नव्हे ते गप्प बसला, तोही नेमका आज.

त्या माणसाच्या विद्यापीठात साडेसातशे वर्षं रेक्टरच्या वर कुणी नाही. हे त्याने भाषणात सांगितलं. सभागृह हसलं नाही. फक्त माझी मुलगी, तिसऱ्या रांगेतून, खाली मान घालून.

मंचावर सात खुर्च्या होत्या. त्याला एक लागली, गीझरबाईंना एक. कारण करारावर सही करायला अधिकारपत्र पाहिजे आणि ते कुलसचिवांच्या खिशात तयारच होतं. माझ्या सहीचं! दोन खुर्च्या कमी पडल्या. एक एका अधिष्ठात्यांची गेली. दुसरी कुणाची गेली ते इथे लिहीत नाही.

बाईंनी सही केली. अक्षर चांगलं आलं. खाली दोन्हीकडे एकच शब्द छापलेला: रेक्टर, रेक्टर. फोटोग्राफर मला म्हणाला, सर, जरा बाजूला, सावली पडतेय.

नंतर तो साखळीवाला म्हणाला की इथल्या सहकारी रेक्टरइतकी प्रामाणिक व्यक्ती त्याने पाहिली नाही. सकाळी गार पाण्याने अंघोळ करावी लागली तेव्हा तिने स्वतः माफी मागितली आणि चौदा स्मरणपत्रांच्या प्रती दाखवल्या. कुलपती खळखळून हसले. मग हसायचे थांबले आणि विचारलं, चौदा? कुणाला?

कुणीतरी दार वाजवतंय. शिंपी आहे. झगा परत न्यायला आलाय म्हणे, नियमापेक्षा एक बोट जास्त असल्याची तक्रार आली.

२२ नोव्हेंबर
शांतपणे विचार केला. करार झाला ना? झाला. माझ्याच पत्रामुळे, माझ्याच अधिकारपत्राने. म्हणजे माझाच. अधिकार प्रदान करणं हे नेतृत्वाचं शिखर आहे, माझ्याच पुस्तकात प्रकरण नऊ. मुलाखतीत हेच मांडायचं. मुलगी म्हणाली, प्रकरण चारचं नाव काढू नका. तिचं ऐकणार आहे असं नाही, पण लक्षात ठेवलंय.

१२ डिसेंबर
मुलाखत. समितीने एकच प्रश्न विचारला: रेक्टर या शब्दाचा अर्थ सांगा. वीस मिनिटं बोललो. लॅटिनपासून सुरुवात केली (मुलीने रात्री लिहून दिलं होतं). शेवटी अध्यक्षांनी विचारलं, हे तुम्हाला ऑक्टोबरात माहीत होतं का? मी म्हटलं, तत्त्वतः. ते काहीतरी लिहून घेत होते. मुलाखत उत्तम झाली. घरी येताना पाटीच्या रंगाऱ्याला सांगून ठेवलं की ‘प्रभारी’ पूर्ण खरवडायला कधी येतोस ते कळव.

२८ डिसेंबर
रंगारी आला. ‘प्रभारी’सकट सगळंच खरवडलं. नवे कुलगुरू बाहेरचे आहेत, तरुण, स्वतःच बॅग उचलतात. असल्या माणसाचा काय वचक राहणार?

मला रडू आलं. हे लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचत नाही. हिने विचारलं नाही. समोर चहा ठेवला आणि माझ्या शेजारी बसली. चहात साखर कमी होती, तेही बोललो नाही.

४ जानेवारी
गीझरबाईंची आंतरराष्ट्रीय विभागाच्या संचालकपदी नेमणूक. त्यामुळे वसतिगृह दोनचं पद रिकामं. कुलसचिवांच्या शिफारशीवरून माझी तिथे नेमणूक, अध्यापन सांभाळून. आदेश तीनदा वाचला: रेक्टर (प्रभारी).

पण शांतपणे बघितलं तर? मी रेक्टर झालो. साडेसातशे वर्षांची परंपरा असलेल्या विद्यापीठात ज्याच्या वर कुणी नाही, त्या पदावर. जग या शब्दापुढे झुकतं. इथलेच अडाणी. रंगाऱ्याला पाटी सांगितली. त्याने विचारलं, ‘प्रभारी’ किती बारीक? म्हटलं, तू बघ.

१५ जानेवारी
दुसऱ्या मजल्यावरच्या मुलांचं शिष्टमंडळ. गीझर. मी कुलगुरू कार्यालयाला स्मरणपत्र पाठवलं, बहुधा पंधरावं. शेरा येऊन परत आलं: ‘आपल्याच कारकिर्दीतील चौदा पत्रे संदर्भासाठी सोबत.’ कुलसचिवांचं अक्षर.

मग सुचलं. साखळीवाल्याला थेट लिहायचं. एका रेक्टरने दुसऱ्या रेक्टरला. नेतृत्व, ज्ञानाच्या सीमा, वसतिगृह-जीवनाचं तत्त्वज्ञान अशी चार पानं. ओघात गीझरचाही उल्लेख केला. खाली सही, रेक्टर. कंस टाकला नाही.

९ फेब्रुवारी
तिकडून उत्तर! मुलांसमोर मोठ्या थाटात फोडलं.

एका पानाचंच होतं. लिहिणारा लिहितो की रेक्टरसाहेबांनी तुमचं पत्र माझ्याकडे पाठवलंय, उत्तर समकक्षाने द्यावं असं त्यांचं म्हणणं. मी इथल्या वसतिगृहाची देखभाल बघतो. तत्त्वज्ञानाचं मला कळत नाही. पण गीझरचा लाल दिवा लागत असूनही पाणी गार येत असेल तर थर्मोस्टॅट गेलेला असतो, अर्ध्या तासाचं काम आहे, खाली आकृती काढून दिली आहे.

मिस्त्रीला बोलावलं. आकृती बघून त्याने झाकण उघडलं. थर्मोस्टॅटच होता.

संध्याकाळी नळाला गरम पाणी आलं. आधी एक मुलगा ओरडला, मग अख्खा मजला जमून टाळ्या वाजवायला लागला. मी जिन्यात उभा राहिलो, हात जोडले, दोन शब्द बोलायला घसा साफ केला. मिस्त्री मागून म्हणाला, साहेब, जरा सरका, मला खाली जायचंय. टाळ्या त्याच्यासाठी होत्या.