दुसऱ्या खेपेची कावीळ

पाचूबंदर, वसई
रविवार

प्रिय जितेश,

नंबर बदललास ते बरंच केलंस. माझ्यासारख्यांचे फोन येऊ नयेत म्हणूनच बदलला असशील. हे पत्र आर्याच्या हाती देतोय. आचोळ्याला तुमच्या घरी गेलो तेव्हा तुझ्या या बहिणीने दार अर्धंच उघडलं, पण गणपतीला चिपळूणला तुझ्याकडे येणार आहे म्हणाली. पाकीट चिकटवलंय. आत काय आहे ते तिला ठाऊक नाही.

बाबा गेल्यापासून होडीवर माझा भाऊ केनीच जातो. मी जेटीवर बसून जाळी दुरुस्त करतो.

आपले ते बारा आठवडे आठवतात? रोज सकाळी गोळी घेतली की तू मला फोन करायचास, मी तुला. शेवटी व्यसनमुक्ती सेंटरच्या मार्गारेट मॅडमनी दोघांचे रिपोर्ट एकदमच दिले. ती कावीळ, हिपॅटायटिस सी, गेली, रक्तात व्हायरस नाही. तू तिथेच खुर्चीत बसून रडलास. मॅडम म्हणाल्या, "हा गोवर नाही, एकदा होऊन गेला म्हणजे सुटलो असा. नशेची सुई वाटून घेतलीत तर पुन्हा होईल." आपण माना डोलावल्या. घरी आईने बोंबील तळले, तू नऊ खाल्लेस.

मला जूनमध्ये ती पुन्हा निघाली. अंगाला काहीच कळत नव्हतं. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. नेहमीच्या तपासणीला गेलो आणि मॅडमनी रिपोर्टचा कागद माझ्यापुढे सरकवला. जुनी उलटलेली नाही, ही नवी लागण आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. मला मान वर करवेना. "कोणाबरोबर घेतलीस?" मॅडमनी विचारलं. एकट्यानेच, म्हणालो.

आईला मात्र सांगितलं की गोळ्या लागू पडल्या नाहीत. तिने ते खरं मानलं आणि जेटीवर ज्याला-त्याला सांगत सुटली, "गोल्याच कच्च्या होत्या." ते ऐकून आमच्या शेजारच्या पांडूने त्याच्या याच काविळीच्या गोळ्या तिसऱ्याच आठवड्यात सोडल्या. मग मला राहवेना. त्याच्या घरी गेलो, बायकोदेखत सांगितलं, गोळ्या चांगल्या होत्या, मीच पुन्हा सुई घेतली. आई दाराबाहेर उभी होती हे नंतर कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर सेंटरवर आली आणि बाकावर बसून राहिली. पांडूने गोळ्या पुन्हा धरल्यात. माझ्याही उद्या, सोमवारी, सुरू होतील. तलफ मारायची, जिभेखाली ठेवायची गोळी रोज तिथे जाऊनच घेतो.

हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून लिहिलेलं नाही. बाबांना जाऊन महिना झाला तेव्हाच्या मिस्साला तू चर्चमध्ये आलास. नंतर आपण मिठागराच्या बांधावर बसलो. दीड वर्षं तू सुईला हात लावला नव्हतास. माझं रडणं बघवेना म्हणून "एकदाच" म्हणालास. आणि विचारलंस, "सुई नवी आहे ना?" मी म्हणालो, "आत्ताच पाकिटातून काढली." जितेश, ती नवी नव्हती. त्या आठवड्यात मी ती दोनदा वापरली होती, आणि त्याआधी ती माझी नव्हतीच. तू उठून जाशील, मी एकटा राहीन, या भीतीने खोटं बोललो. तपासून घे. साधी टेस्ट नको, ती आपल्यासारख्यांची बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येते. व्हायरल लोडची माग. निघाली तरी दुसऱ्यांदाही बरी होते, डॉक्टरांनी मला तसंच सांगितलंय. प्रीतल वहिनीला पाचवा महिना आहे असं आर्या म्हणाली. तिचंही रक्त तपासून घे. तिला काय सांगायचं ते तू ठरव, सगळा दोष माझ्यावर घातलास तरी तो खराच आहे. पुन्हा माझं तोंड बघू नकोस, पण हे वाचलंस की उद्याच्या उद्या दवाखान्यात जा.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
सॅन्टन