बियाण्याला लागलेला हात

वडीगोद्री, ५ नोव्हेंबर २०२४

ती. केशरताईस,
धाकट्या शालूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते, पण या घरात भिंतीला कान हायेत. मंग कागदच बरा.

ताई, काकासाहेब भाऊजींची सहा एकर तूर मर रोग लागून उभीच्या उभी वाळून राह्यली. बांधाखालची माझी दोन एकर मात्र हिरवीगार! ह्यांच्या माघारी पहिल्या पेरणीला भाऊजींनी गड्यांसमोर माझ्या हातातलं सूप हिसकल्तं, ध्यानात हाय ना? या हातानं माझा भाऊ खाल्ला, आता बियाणं बी खाईल, म्हणले. त्याच हातानं मी यंदा बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला. जालन्याला शिकून आल्ते. जिवंत बुरशी असती ती, मुळाशी राहून मरीच्या बुरशीला खाती.

भाऊजींनी बी दुकानातून हीच भुकटी आणल्ती, पण बुरशी मारायच्या नेहमीच्या औषधात कालवली. औषधानं ती जागीच मेली. त्यांना वाटतं माझी भुकटी न्यारी हाय. काल जाऊबाईंना, पुष्पाबाईंना, पुढच्या पेरणीसाठी ती मागायला पाठवलं. मी हो म्हणले. भुकटी देईन, औषधाचं काही सांगणार न्हाई. वाळू दे अजून एक साल! मला बिलकुल वाईट वाटणार न्हाई.

दाजींना नमस्कार. तुझा जीव हाय माझ्यावर, तो तसाच ठेव.

तुझी
शालू

परतूर, १४ नोव्हेंबर २०२४

चि. शालूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मंग घाबरले. लहानपणी माझी वेणी दाराच्या कडीला बांधणारी तूच, अजून सुधरली न्हाईस! अगं येडे, भाऊजींचं रान वर, तुझं खाली. पावसात त्यांची माती वाहून कुठं येती? मर मातीतून पसरती. तुझा सूड तुझ्याच रानात उगवल.

माफ कर असं मी म्हणत न्हाई. त्या सुपाची आठवण झाली की माझं बी अंग पेटतं. पण पुडी देऊ नकोस. भुकटी चोळायला तुझाच हात लागतो, एवढं त्यांना कळव.

करंज्या झाकून ठेवल्यात, येऊन खा. राग त्यांच्यावर काढ, माझ्यावर मायाच असू दे.

तुझी
केशरताई

वडीगोद्री, २४ जून २०२५

ती. केशरताईस,
शालूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. पुडी मिळणार न्हाई, मी चोळून देईन, तुमच्याच अंगणात, गड्यांसमोर, त्याच सुपात, असा निरोप धाडल्ता. भाऊजी सात महिने बोलले न्हाईत. काल पेरणी तोंडावर आली, तेव्हा सूप स्वतः आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. मी हात मांडीवरच ठेवले. काय पाहिजे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, मी म्हणले. शेवटी भाऊजी म्हणले, शालूबाई, बियाण्याला हात लावा म्हणून. गडी खाली बघत होते.

मी चोळलं. लय सावकाश, ताई. भुकटीनं हात कोपरापर्यंत हिरवे झाले, चुडा भरल्यागत. पुष्पाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. औषध लावू नका, हे बी सांगितलं.

राग गेला असं समजू नकोस. सहा एकरातल्या दाण्यादाण्याला माझा हात लागलाय. आता वर्षभर वरणाच्या घासाघासाला त्यांना तो आठवू दे.

करंज्यांचा वास गेला असल, तरी येते. माया पातळ करू नकोस.

तुझीच
शालू