सरांचं तोंड

४ फेब्रु.
उचगावला माझ्या कामाच्या शेडवर पवार आला. आमच्या आर्ट कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा पुढारी. सरांचा गौरव समारंभ आहे, अर्धपुतळा करायचाय. "तुम्ही त्यांच्या हाताखालच्या, मॅडम. तुमच्याशिवाय कोण करणार हो?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. तो गेल्यावर लगेच माती भिजत घातली. आनंदानं.

सव्वीस वर्षं झाली. कॉलेजच्या अंगणात ती बसलेली बाई, सिमेंटची, पाटावर, एक पाय लांब सोडलेला. ती माझी आई. बिद्रीहून एस.टी.नं यायची आणि माझ्यासमोर बसायची. गुडघा वाकत नव्हता म्हणून पाय तसा. शेवटच्या वर्षाला केली मी. सरांनी ती स्पर्धेला पाठवली, स्वतःच्या नावानं. बक्षीस मिळालं. पायथ्याला अजून त्यांचंच नाव आहे. विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या वर्गात झालं ते माझंच की गं."

आई बघायला गेलती. "तुझं नाव कुठं हाय?" मी म्हटलं, मागच्या अंगाला. गुडघ्यामुळं तिला मागं जाऊन वाकता आलं नाही. बरं झालं.

९ फेब्रु.
राजारामपुरी, सरांचा फ्लॅट, तिसरा मजला. पहिली बैठक. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून डावा गाल लोंबतो, ओठाचा कोपरा खाली. बोलणं जड, पण जवळ बसलं की कळतं. पवारनं जुना फोटो दिलाय, फेटा, शाल, रुबाब. म्हणाला यावरून करा. फोटो पिशवीतच ठेवला. माणूस समोर असताना फोटो कशाला?

जसा आहे तसा करणार. लोंबणारा गाल, वाकडं तोंड, सगळं. कायमचं. येता-जाता पोरं बघतील.

१३ फेब्रु.
माती चांगली बसतेय. सर आज बोलत होते, तेच जुनं. वर्गात ग्रीक तरुणाच्या पुतळ्याची प्लॅस्टरची प्रत होती. सगळा भार एका पायावर, कंबर एकीकडं, खांदा दुसरीकडं. मग आपल्या देवळातल्या दगडी बायका, तीन ठिकाणी वळलेल्या आणि तरी तोल सुटत नाही. "जुन्यांनी उभा राहिलेला देह केला. नव्यांनी पडायला आलेला."
मी म्हटलं, "आणि बसलेला?"
सरांनी चहासाठी बायकोला हाक मारली. काकूंनी चहा आणला.

परीक्षकांनी तेव्हा त्या लांब सोडलेल्या पायाचंच कौतुक केलेलं. केवढा नवा विचार म्हणे. विचार कसला, आईचं दुखणं होतं ते.

१८ फेब्रु.
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.
सर म्हणाले, दाखव. मुद्दाम दाखवलं. मनात म्हटलं, आता बघू. उजव्या हातानं मातीचा ओठ चाचपला, मग स्वतःचा. म्हणाले, "अजून खाली पाहिजे. घाबरलीस तू."
बरोबर होतं ते. घाबरले होते.
मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "तुझ्या आईचा घोटा पण चुकला होता. मी नीट केला."
तुझ्या आईचा, म्हणाले. म्हणजे सगळं ध्यानात आहे. मी विचारलं, "आणि सही?" डोळे मिटून घेतले. झोपल्याचं सोंग.
माती टेम्पोतनं शेडवर आणली आणि ओठ खाली ओढला. जिवंत झालं तोंड. त्यांच्यामुळं. चीड चीड चीड.

२२ फेब्रु.
पवार आला. मातीवरचं ओलं फडकं काढलं तशी दोन पावलं मागं सरकला. "हे काय ओ! तोंड सरळ करा की!"
"सरांनी बघितलंय. विचारा त्यांना."
त्यानं सरांना फोन लावला. पलीकडून काय आलं माहीत नाही. पवारनं फोन खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.

२७ फेब्रु.
काकू एकट्याच रिक्षानं आल्या, शेडवर. हॉस्टेलची खानावळ रविवारी बंद असायची, तेव्हा ह्यांच्याच घरी जेवायची मी. तांबडा रस्सा, दुसऱ्यांदा न विचारता वाढायच्या.
पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरी, लोकांनी ह्यास्नी जन्मभर असंच बघायचं व्हय?"
मी सगळं सांगितलं. आईचं, नावाचं, वाकता न आल्याचं. सगळं एका दमात.
काकू म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. तवापासनं ठाऊक हाय. त्या बक्षिसावर ह्यांची नोकरी पक्की झाली."
रविवारी मला वाढताना ठाऊक होतं!
तोंड सरळ करणार नाही. एक रेघही नाही.

६ मार्च
साचा निघाला. फायबरमध्ये ओतून घेतलं. वरून ब्राँझचा रंग. बघवत नाही इतकं खरं झालंय.

१५ मार्च
समारंभ. पडदा ओढला. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. सर पुतळ्याकडं बघतच नव्हते. माईक मागितला. हात धरून उभं केलं त्यांना. "ती... ती बाई... ती माझी..." शब्द एकमेकांत अडकत होते, माईक घरघरत होता. "माझी न्हाय..."
पवारनं माईक घेतला. "सर काकूंबद्दल बोलतायत! माझी न्हाय, सगळ्यांची माउली, असं त्यांना म्हणायचंय!" टाळ्या. काकू मान खाली घालून. सर डोकं हलवत होते. नाही, नाही. कुणाला कळेना. शाल घातली खांद्यावर.

मला कळलं होतं, अंगणातली ती बाई. दुसऱ्या रांगेत होते. उठून सांगता आलं असतं, सर काय म्हणतायत ते. नाही उठले. सव्वीस वर्षं मी हेच सांगत होते आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. बघू दे, कसं वाटतं.

घरी येऊन जेवले. दोन भाकऱ्या. बऱ्याच दिवसांनी.

१८ मार्च
काकूंचा फोन. "समारंभापासनं लिहीत बसल्यात. पाकीट बंद केलंय. तुझ्याच हातात देणार म्हणत्यात. कुणालाच हात लावू देईनात. ये की गं."
येते म्हटलं.
दुपारी गेले. त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. वर गॅलरीत सर खुर्चीत, रस्त्याकडं तोंड करून. बघितलं मला. उजवा हात वर केला. पाकीट होतं हातात.
कबुली असेल. असणारच. ती घेतली की मग मी कुणाचा राग करायचा? आणि जिला दाखवायची ती आई तर गेली.
गाडीवरच बसून राहिले. शेजारच्या क्लासची पोरं सुटली, गेली. हात अजून वरच होता.