पाइपचं खोटं वय

प्रिय बाळ,

हे पत्र तुला शिंपीणबाईंनी तुझ्या चिमणीच्या नव्या फ्रॉकच्या घडीत घालून दिलं असेल. तिथेच, त्यांच्या मशीनमागच्या स्टुलावर बसून वाच आणि वाचून झालं की त्यांच्याच हातात परत दे. घरी नेऊ नकोस. त्या काही विचारणार नाहीत. बाई पोटातलं ओठावर आणणाऱ्या नाहीत, म्हणून तर तुझ्या मामाने त्यांना गाठलं. पत्र लांब आहे. माझं बोलणं तुला माहीत आहे, मुद्द्यावर येईपर्यंत समोरच्याचा चहा निवतो. पण आज जरा धीर धर, कारण मला जे सांगायचंय ते एका तंबाखूच्या पाइपवरूनच सांगावं लागणार आहे.

तुझ्या नवऱ्याने मला पार्सल पाठवलं हे तुला ठाऊक आहे की नाही, देव जाणे. लग्नाला एवढी वर्षं झाली, सासूची एका ओळीने कधी चौकशी नाही, आणि आता एकदम मखमली पिशवीतून पाइप! सोबत वकिली भाषेतली चिठ्ठी. कोर्टातला कोणी मित्र म्हणे त्याला म्हणाला, की हा शंभर वर्षांपूर्वीचा, फार नावाजलेल्या कारखान्यातला आहे. तर तुम्ही ओळख पटवा, साल ठरवा आणि लेखी द्या. आणि अगदी खाली, जाता जाता सांगावं तशी एक ओळ होती. 'हातातून पडल्यामुळे तळाला थोडं लागलं आहे, तेही नीट करून द्यावे, माझा त्याच्यावर फार जीव आहे.' त्या ओळीवर मी तेव्हा हसले होते. म्हटलं, वकिलाचा कशावर तरी जीव आहे म्हणायचा.

मग मी कामाला बसले. तू लहानपणी आपल्या पाइपदुरुस्तीच्या दुकानात माझ्या टेबलाखाली बसून भुशात खेळायचीस, तेव्हा तुला हे निम्मं पाठ असेल. तुझे आजोबा सांगायचे, वय मालकाला विचारायचं नाही, पाइपला विचारायचं. आधी तोंडात धरायची नळी पाहायची. शंभर वर्षांच्या नळीला टोकाशी बारीक गोल भोक असतं, या नळीला रुंद चीर होती. जुन्या रबराची नळी बोटाने घासून गरम केली की गंधकाचा वास येतो आणि उन्हाने तिचा रंग हिरवट पडतो. ही आपली चकचकीत प्लास्टिकची, घास घास घासली तरी ढिम्म. दांडीवरचं चांदीचं कडं म्हणजे चांदीचं पाणी, कोपऱ्यातून पितळ डोकावतंय. आणि त्या नावाजलेल्या कारखान्याचा ठसा इतका ताजा की काल मारल्यासारखा. थोडक्यात, चिमणीच्या आईपेक्षाही लहान वयाचा, ढिगाने बनलेला माल आणि वर कुणीतरी मारलेला खोटा शिक्का. भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवणारा माणूस, त्याला कुणीतरी भरबाजारात टोपी घातली होती. मी एकटीच खो खो हसले. ते माझं त्या दिवसाचं शेवटचं हसू.

कारण वय ठरलं की मग वापरणारा वाचायचा, तशी आपल्या कामाची रीतच आहे. तंबाखू भरायच्या भांड्याच्या कडेवरचा करपट डाग डाव्या बाजूला होता. उजव्या हाताने काडी ओढणाऱ्याचा पाइप सहसा उजवीकडे करपतो, हा डावखुऱ्याचा. लग्नाच्या कागदावर त्याने डाव्या हाताने सही केली होती, ते मला आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ, मी बोलावलं नसताना, दुसरंच आठवलं. मागच्या खेपेला तू आलीस तेव्हा तुझ्या उजव्या गालावर पावडरचा थर होता. कपाटाचं दार लागलं म्हणालीस. समोर उभा राहून डावखुऱ्याने मारलं तर लागतं ते उजव्या गालालाच.

मी स्वतःला म्हटलं, बये, पाइप बघ. तर कडेला एक टवका उडालेला, भाताच्या दाण्याएवढा. आणि मला तुझा हात दिसला. कोपराच्या आतल्या बाजूचा तो भाजल्याचा गोल, ज्यावर मी मलम लावलं होतं. पातेल्याची कड लागली म्हणाली होतीस, आणि मी मनात म्हटलं होतं, एवढ्या लहान तोंडाचं पातेलं आमच्या पोरीने आणलं कुठून. तो गोल एका जागी तुटलेला होता. तुटलेली जागा भाताच्या दाण्याएवढी. बाळ, मेल्याने पेटलेला पाइप तुझ्या हातावर उपडा दाबून धरला होता. धरूनच ठेवला असणार. नुसता लागला असता तर इतका स्वच्छ गोल उठला नसता.

त्यानंतर मी तळ पाहिला. पाइप हातातून पडला तर दांडी आणि नळीच्या जोडाशी मोडतो, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. याचा जोड शाबूत होता आणि भांड्याचा तळ चेपला होता, पाइपनेच हातोडीसारखं मारून मारून चेपावा तसा, पुन्हा पुन्हा त्याच जागी. चेपलेलं लाकूड आतून अजून पांढरं होतं, त्यात धूर नाही, हाताचा मळ नाही, म्हणजे हे या थंडीतलंच. या थंडीतच तू न्हाणीघरात घसरलीस आणि कानामागे टाके पडले, होय ना? कडं ढिलं झालं होतं, ते त्याने वरून गोंद लावून बसवलं होतं. मी ते वाफेवर सोडवलं. आत वाळलेला तपकिरी थर होता आणि त्या थरात एक लांब कुरळा केस. तो केस मी ओळखला. तुझी शाळा संपेपर्यंत रोज मीच तो विंचरला आहे.

त्याने पाइप बाहेरून लख्ख पुसला होता गं. मेण लावलं होतं, मखमलीत घातला होता. कड्याच्या आत पाहायचं त्याला सुचलंसुद्धा नाही, कारण त्याच्या लेखी इजा झाली होती ती पाइपला. तुझं डोकं फुटलं त्याची चौकशी नाही, पाइपचा तळ चेपला म्हणून माणूस हळहळतोय, आणि तो दुरुस्तीला पाठवतोय कुणाकडे, तर तुझ्या आईकडे. असा निगरगट्टपणा मी जन्मात पाहिला नाही.

मग सगळंच उलगडत गेलं. चिमणी इथे होती तेव्हा माझ्या कामाच्या टेबलाखाली, तुझ्याच जागी, बाहुलीशी खेळत होती. बाहुली पालथी घालून लाकडी चमच्याने तिच्या पाठीवर मारत होती आणि अगदी समजुतीच्या आवाजात तिला सांगत होती, "आता रडायचं नाही. शेजारी ऐकतात." मी तेव्हा म्हटलं, शाळेत बाई रागावत असतील. कसली शाळा आणि कसल्या बाई!

मी तो पाइप टेबलावरच्या शेगड्यात, लोखंडी पकडीत, आवळला आणि लाकडी हातोडा उचलला. पार भुगा करणार होते. मग वाटलं पाइपचा कशाला, त्याची बोटंच या शेगड्यात धरावीत आणि दांडा फिरवत न्यावा, एकेका टाक्यासाठी एकेक फेरा. मी हे रागाच्या भरात लिहीत नाहीये, आज शांत डोक्याने लिहितेय आणि अजूनही मला तसंच वाटतं. संध्याकाळी मामा ट्रक लावून चहाला आला. त्याला मी सगळं दाखवलं. चाक खोलायचा लोखंडी पाना पायाशी ठेवून बसला होता, तो उचलून म्हणाला, "ताई, तू फक्त तो घरी कधी असतो ते सांग." माझा भाऊ तो, करून आला असता. पण वकिलाचं डोकं फुटलं तर मामा तुरुंगात, त्याची बायकापोरं रस्त्यावर, आणि तू टाके पडलेल्या नवऱ्याच्या उशाशी पाणी घेऊन उभी. पोलिसांत तुझ्या नवऱ्याची उठबस, कोर्टात त्याचे दोस्त. मी पाना काढून घेतला आणि फळीवर ठेवला.

तू का बोलली नाहीस ते मला कळतं. मी लग्नाला नको म्हटलं होतं आणि तू दार आपटून गेली होतीस. आता कुठल्या तोंडाने सांगू, असं वाटलं असेल. आई म्हणेल, सांगितलं होतं ना. मी तसं नाही म्हणणार. मनात म्हणेन, त्याला माझा इलाज नाही, पण तोंडाने चकार शब्द काढणार नाही. आणि तो बदलेल, अशी आशा धरून बसली असशील तर ऐक. तुझ्या बाबांच्या भुवईवर खूण होती, दुकानातली फळी पडली असं तुला सांगितलं होतं. फळी कसली, मी कानस फेकून मारली होती. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांनी माझ्या थोबाडीत दिली, मी हातात होतं ते फेकलं. रक्त आलं, दोघेही घाबरलो, आणि मरेपर्यंत त्यांनी पुन्हा हात उचलला नाही. ते स्वतःच्या हाताला घाबरले होते. मारणारे सगळे सारखे नसतात. एखादा मारून घाबरतो, एखादा मारून पाइप पुसतो. तुझ्याकडचा पुसणारा आहे, तो सुधारत नसतो. तू कानस फेकायला जाऊ नकोस, तो तुला जिवंत ठेवणार नाही.

म्हणून मी जे आजवर कधीच केलं नाही ते केलं. आपल्या दुकानातून खोटं साल कधी बाहेर गेलेलं नाही. रडणाऱ्या विधवांनासुद्धा मी खरंच सांगितलं, की बाई, तुमच्या यजमानांचा पाइप साधा आहे. तुझ्या नवऱ्याला मात्र लिहून दिलं की पाइप अस्सल, शंभराच्या वरचा, असे जगात मोजकेच असतील. तळ भरून दिला. कडं जीर्ण झालं होतं, नवं घातलं आहे, आणि कडेचा टवका तसाच राहू द्या, जाणकारांना त्याचीच किंमत असते. एवढा खूश झाला की मला पहिल्यांदा फोन केला, 'आई' म्हणाला. माझ्या जिभेवर जे आलं होतं ते गिळायला पाणी प्यावं लागलं. मग मी म्हटलं, जावईबापू, गुरुवारी बंदराच्या शहरात संग्राहकांचं मोठं प्रदर्शन आहे, तिथे तुम्ही जातीने घेऊन जा, सगळ्यांसमोर मांडा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका. गाडीने दिवस मोडतो, रात्री राहावंच लागतं. त्याने तिकीट काढलंसुद्धा. जुनं कडं, तुझ्या केसासकट, आणि टवक्याचा मेणात घेतलेला ठसा माझ्या एका गिऱ्हाईक वकीलबाईंच्या तिजोरीत आहे. बाई खडूस आहेत, त्याला ओळखतात आणि घाबरत नाहीत. तुझ्या हातावरच्या गोलाचा फोटो आधी डॉक्टरांकडून घ्यायचा, बाकी मी बघते म्हणाल्या. मूल आईकडेच राहील यासाठी पहिल्या दिवसापासून काय करायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलंय.

आता हे पत्र का, ते. गुरुवारी तो स्टेशनवर गेला की चिमणीला घेऊन फ्रॉक बदलायला म्हणून शिंपीणबाईंकडे ये. मागच्या दाराशी मामाचा ट्रक उभा असेल. चिमणीचा जन्माचा दाखला घे, दुसरं काही नाही, कपडेसुद्धा नकोत. तुला न विचारता मी परतीचे दोर कापले आहेत, हे नीट समजून घे. त्या प्रदर्शनात म्हातारी खोडं बसलेली असतात, ती पाइप एकदा उलटा करतील आणि भरल्या सभेत त्याच्या तोंडावर हसतील. मला ते माहीत होतं, तरी मी त्याला पाठवलं, कारण त्याशिवाय तू निघाली नसतीस. पुढच्या महिन्यात बघू म्हणाली असतीस. शुक्रवारी तो परत येईल तेव्हा आजवर कधी नव्हता इतका पिसाळलेला असेल, आणि ती आग मी लावलेली आहे. माझ्यावर चिड, वाटेल ते बोल, पण इथे येऊन बोल. तो कुलूप उघडून आत येईल तेव्हा त्या घरात मारायला कुणी असता कामा नये.

तुझीच आणि आता चिमणीचीही,
आई