खिडकीजवळची खुर्ची आणि इतर मालमत्ता

मी, रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्याचे काम केलेली, आता निवृत्त व ठणठणीत, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर राहून करत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. आजवर ते कोणाला जमलेलेही नाही.

१. राहते घर माझ्या भाच्याला. त्याची कंपनी बंद पडल्यापासून तो मागच्या खोलीत पडदा ओढून पडून असतो. हाक मारली की "हं" म्हणतो. अट एकच: पडदा रोज सकाळी उघडावा. न उघडल्यास घर त्याच्यासकट माझ्या नणंदेला जाईल आणि ती तिथे राहायला येईल. ही धमकी समजावी.

२. भिंतीवरचे बंद घड्याळ दिरांना. आमचा कारखाना बंद झाला तेव्हा ते दर रविवारी येऊन विचारत, "मग, पुढे काय ठरलं?" आता घड्याळाला विचारत बसावे.

३. सकारात्मक विचारांची पुस्तके, त्याच काळात एका मैत्रिणीने पाठवलेली, न उघडता तिला परत. ती स्वतः आली असती तर पुस्तकेही वाचली असती.

४. खिडकीजवळची खुर्ची. हिच्याबद्दल थोडे सांगणे भाग आहे. कारखाना बंद झाला तेव्हा मीही पडदा ओढून हिच्यावर बसत असे. केस विंचरणेसुद्धा सोडले होते. खालचे शिंपीमास्तर रोज सकाळी दार वाजवत. "बाई, या कापडाला हा दोरा चालेल का? मला काही कळेना." छटा पाहायची तर उजेड हवा, म्हणजे पडदा सारणे आले. उजेडात माणूस दिसतो, म्हणजे तोंड धुणे आले. मग मास्तरांना चहा विचारणे आले. दुसरी नोकरी लागेपर्यंत हे चालले. जन्म शिवणकामात गेलेल्या माणसाला दोरा जुळवता येत नाही, हे मला नोकरी लागल्यावर खटकले. विचारले तर म्हणतात, "तेव्हा डोळे आले होते." इतके महिने?

सबब खुर्ची भाच्याला. मास्तरांना काही देता येत नाही. साक्षीदाराने वाटेकरी होऊ नये, असे वकील म्हणतात. मास्तर म्हणाले, "बरं झालं, घरात जागाच नाही."

५. कालपासून मास्तरांना पुन्हा दोरा जुळेनासा झाला आहे. मी म्हटले, माझी नजर अधू झाली, भाच्याला दाखवा. तो कुरकुरत उठला, पडदा बोटभर सारला.

"काका, कापड निळं आणि दोरा हिरवा. आंधळाही सांगेल."

"वय झालं रे. उद्या दुसरा आणतो."

ते गेल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, हे तुमचं दोघांचं ठरलंय ना?"

"ठरलंय. उद्या दाढी करून ठेव. आणि माझं मृत्युपत्र चांगल्या अक्षरात उतरवून दे, माझा हात कापतो."

माझा हात कापत नाही, हे त्याला उतरवताना कळेलच.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: मास्तर दुसरा दोरा घेऊन आले तो दिवस
सही: मावशी
साक्षीदार: १. शिंपी, तळमजला. २. समोरच्या घरातली नर्स.

उतरवून देणारा: भाचा. कलम १ मधली अट मी खोडली आहे. लिहायला उजेड लागत होता.