मीठ कुठून येतं

प्रिय भाविका,

आबांच्या पाया पडलो म्हणून सांग, आर्वीला पापा. मी इकडे कच्छमध्ये बरा आहे. पवनचक्कीचं काम जोरात चाललंय, जेवणात रोज बटाटा.

परवा आर्वीने फोनवर विचारलं, "पप्पा, मीठ कुठून येतं?" मी घाईत बोललो, "दुकानातून. जा, खेळ." पोरगीने फोनच ठेवून दिला. आबा बाजूलाच बसलेले ना? काय बोलले? त्यांचा जन्म मिठागरात गेला, आणि मी त्यांच्या नातीला दुकान शिकवलं.

इथे साइटला लागूनच मिठागर आहे. लहानपणी आबा मलाही आपल्या मिठागरात सगळं दाखवायचे, पण मी पळायचो. शाळेत काही विचारलं की गुरुजी ओरडायचे, म्हणून तिथूनही पळालो. आता आपलं मिठागर उलव्याच्या नव्या वस्तीसाठी टाकलेल्या भरावाखाली गेलं, तिला काय दाखवणार?

तू एक कर. उरणच्या समुद्राचं पाणी आणून ताटात घाल, गच्चीवर उन्हात ठेव. उत्तर सांगू नको, तिला रोज बघू दे. कितीही विचारू दे, ओरडू नको. नायतर विचारायचीच बंद होईल, माझ्यासारखी.

आबांचा गुडघा कसा आहे? हळूहळू वर घेऊन जा त्यांना. ताटात पांढरं दिसलं की त्यांच्यासमोरच तिला सांग, पप्पा चुकीचं बोलले होते.

तुझाच,
प्रणित